हाक की ओ?

रायपूरच्या मराठी घरांत मराठी असते ती फोडणीतल्या मोहरीसारखी. तडतडते जोरात, पण भाजी हिंदीचीच. मीराबाईच्या घरात लेकीपुरती तर एकच मोहरी उरली होती. दीक्षा सगळं हिंदीत बोलायची. बापाला पापा म्हणायची, भाताला चावल. आईला मात्र आई. बापानं, तुळशीरामनं, बजावलंच होतं, की आजा भंडाऱ्याहून इकडं आला तेव्हा आणलेली बोली सगळी सांडली, हा एक शब्द तरी सांडू नका.

आता यात पंचाईत अशी, की हिंदीत 'आई' म्हणजे 'आले'. या गावात पोरीला कुणी आवाज दिला की ती तिकडून 'आई' म्हणून ओ देते. गल्लीत दिवसभर 'आई, आई' चाललेलं असतं आणि त्यातली एकही आपल्या आईला बोलावत नसते.

तीन उन्हाळ्यांपूर्वी दीक्षा गेली. पंधरा वर्षांची होती, हॉकीत गोलकीपर. दुपारी मैदानावरून आली ती अनवाणीच व्हरांड्यातल्या कूलरमध्ये पाणी भरायला लागली. तुळशीराम उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या रोलिंग मिलमधून रात्रपाळी करून आलेला, आतल्या खोलीत आडवा झाला होता. मीराबाई पोळ्या लाटत होती.

"दीक्षे, जेवाले ये," तिनं आवाज दिला.

"आई!" बाहेरून आलं.

येऊन राहिली, असं समजून मीराबाईनं पुढची पोळी तव्यावर टाकली. तुळशीरामनंही ऐकलं आणि कूस बदलली. पोळी फुगली, उतरली, तिच्यावर आणखी एक झाली. पोरगी काहून येत नाही म्हणून मीराबाई बाहेर गेली, तेव्हा दीक्षा कूलरपाशी पडलेली होती. पत्र्यात करंट उतरला होता.

डॉक्टर म्हणाले, एका झटक्यात गेली, तुम्ही धावला असता तरी उपयोग नव्हता. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला? मीराबाईला उपयोगाचं विचारायचंच नव्हतं. पोरीनं ओ दिली होती की हाक मारली होती, एवढंच तिला हवं होतं. गल्लीत कुणाची पोर 'आई' म्हणाली की तिच्या हातातलं भांडं तसंच राहायचं.

तुळशीराम ठासून सांगायचा, "ओ देल्ली तिनं. येतो म्हणे. करंट मंग लागला." कुणी न विचारताही सांगायचा. ज्याची खात्री असते तो इतकं सांगत नाही, हे मीराबाईला कळत होतं. ताटावर बसायचा आणि दोन घास खाऊन उठायचा.

यंदाच्या थंडीत मुलींची आंतरराष्ट्रीय ज्युनिअर हॉकी स्पर्धा रायपुरात आली. रस्ते धुतले, दुभाजक रंगवले, देशोदेशीचे झेंडे लागले. भारताच्या गोलमध्ये होती अनुश्री. दीक्षाच्याच जोडीनं याच गावात खेळायला शिकलेली आणि मग बाहेरगावच्या अकादमीत गेलेली. हे कळलं तशी मीराबाईनं शेजारणीच्या ओळखीनं स्टेडियममध्ये काम मिळवलं. खेळाडूंच्या खोल्या पुसायच्या, टॉवेल द्यायचे.

"तिले विचारजो," तुळशीराम म्हणाला. "बॉलवर जातानी दीक्षा काय वरडे? 'आली' म्हणाले 'आई' वरडत असंन, तर तो शब्द ओ म्हणूनच तिच्या तोंडात बसला होता. मंग आपल्याले फिकर नाही."

अनुश्री पहिल्याच दिवशी पाया पडली. रोज 'आंटी, आंटी' करत दोन गोष्टी बोलायची. मीराबाई टॉवेलांच्या घड्या घालत राहायची आणि प्रश्न ओठाशी आला की गिळायची. उत्तर भलतंच आलं तर? न विचारता निदान अर्धी आशा तरी होती.

परदेशी पोरी आपापल्या भाषेत ओरडायच्या, त्याचं तिला काही वाटायचं नाही. पण भारताच्या सामन्यात समोरची पोरगी एकटीच चेंडू घेऊन सुटली आणि अनुश्री गोल सोडून धावली.

"आई!" ती ओरडली आणि घसरत जाऊन चेंडूवर पडली.

मैदानाच्या कडेला उभ्या मीराबाईच्या हातची टॉवेलांची बादली गेली. पाणी मारलेल्या निळ्या टर्फवर ती प्लास्टिकच्या चपलांनी पळत सुटली, पदर कुठं, पाय कुठं. पंचांनी शिट्टी फुंकली. सगळं स्टेडियम हसलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण तिच्या पायांना हे कुणी सांगावं?

अनुश्री उठून बसली. "आंटी, मुझे कुछ नहीं हुआ. मैं तो बस बोली, कि आई."

दोन गार्डांनी मीराबाईला दंडाला धरून बाहेर नेलं. ठेकेदाराच्या माणसानं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. सामना संपल्यावर अनुश्री तिला शोधत मागच्या पायरीवर आली आणि तिचे हात हातात घेऊन बसली. आता गिळायला जागाच उरली नव्हती.

"दीक्षा भी ऐसाच चिल्लाती थी क्या, बेटा? आई बोलके?"

अनुश्री हसली, तिचे डोळेही भरले. "नहीं आंटी. हम सब बोलते थे, एक वही नहीं बोलती थी. 'मेरा' चिल्लाती थी. कोच डाँटते, तब भी नहीं मानी. कहती थी, आई तो मैं सिर्फ अपनी माँ को बोलती हूँ. आप पर जान देती थी."

पोरीनं जवळचं होतं नव्हतं ते सगळं सोनं ओंजळीत घातलं होतं, आणि तेही मनापासून. मीराबाईनं तिचा गाल कुरवाळला. "खूश रह," म्हणाली. "फायनल जीत के आना."

घरी तुळशीराम दारातच उभा होता.

"विचारलं का?"

"हव."

"मंग?"

मीराबाईनं चपला काढल्या. पाय धुतले. त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"आईच म्हणे," ती म्हणाली. "बॉलवर जाताना. सगळ्याईत जोरात तीच वरडे म्हणते अनुश्री."

तुळशीराम भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग तोंड धुऊन ताटावर आला. त्या दिवशी त्यानं भात मागून घेतला, वरण मागून घेतलं.

"तू काहून नाही बसत?" त्यानं विचारलं.

"तुमी जेवा," ती म्हणाली, आणि त्याचं ताट पुन्हा भरलं. इतके दिवस ते कूलरपाशचं 'आई!' दोघांना ऐकू यायचं. आता तिला एकटीलाच येणार होतं.