भरलं गाव

जबलपूरच्या तोफांच्या फॅक्टरीतली जुनी मंडळी जमली की किस्से निघणारच. आता सगळेच रिटायर. दात गेले, गुडघे गेले, किस्से तेवढे जात नाहीत. एक सांगितला की त्याचा हात धरून दुसरा येतो. हे सगळे लढाईच्या वर्षांतले आणि आमच्या गावचे. सुरुवातीचे हसायचे आहेत. शेवटचा निघाला की दत्तू धोटे अजूनही पान आणायला म्हणून उठून जातो.

* * *

आमचं गाव जबलपूर आणि शहपुऱ्याच्या मधलं. स्टेशनला गावाचं नाव, पण गाव तिथे नाही! गाडीतून उतरायचं, फाटक ओलांडायचं, नाला ओलांडायचा, हरभऱ्याच्या शेतांमधून चालत राहायचं, तेव्हा कुठे कौलं दिसायची. त्यांच्या पाठीमागे नर्मदा. स्टेशन बांधणाऱ्यांनी नाला बघितलाच नसावा.

दत्तू नव्या माणसाला सांगायचा, "आमच्या इथं गाडी टाइमवर येते. गावच लेट येते!"

* * *

एकदा सिव्हिल लाइन्सच्या सरकारी ऑफिसातून एक साहेब आले. गावाची माहिती हवी होती: हद्द कुठली, विहिरी किती, वस्ती किती. गावात सांगणारं कोणी भेटेना, म्हणून बूट हातात घेऊन, पँट वर करून बिचारे नाल्यातून फाटकापाशी परतले. तिथे बाकावर आबाजी भोयर बसले होते.

हे आबा म्हणजे आमच्याबरोबर फॅक्टरीत असलेल्या मनोहरचे वडील. रेल्वेत गँगमन होते. रिटायर झाले तरी रेल्वे त्यांना सोडवेना, म्हणून रोज संध्याकाळी फाटकावर येऊन बसायचे.

साहेबांनी विचारलं, "बाबा, तुमच्या गावात माणसं किती?"

आबा म्हणाले, "दिवसाची सांगू, का संध्याकाळची?"

साहेब हसले. आबा मात्र हसले नव्हते. लढाईची भरती निघाली तशी ज्याच्या हातात हातोडा धरायची ताकद होती तो प्रत्येक जण फॅक्टरीत गेला होता. शेतकरीसुद्धा पेरणी उरकून कार्ड पंच करायला यायचे. अंधार असताना आमची गाडी निघायची आणि दिवस बुडाल्यावर परत यायची. मधल्या वेळात गावात बाया, पोरं, म्हातारे आणि एक मारका बैल.

* * *

गाडी आली की आबा उभे राहायचे. फाटकातून जाणारा एकेक चेहरा निरखायचे. शेवटचा माणूस पार झाला की फाटकवाल्या रामदीन भैयाला म्हणायचे, "चला. भरलं गाव." मग काठी उचलून आमच्या मागोमाग घरी.

एका संध्याकाळी मला गाडीत झोप लागली आणि मी पुढच्या स्टेशनावर जाऊन पोचलो. रुळांच्या कडेकडेनं चालत परत आलो, तर आबा तसेच बसलेले. शांतावहिनी, म्हणजे मनोहरची बायको, त्यांची भाकरी फडक्यात बांधून तिथेच घेऊन आल्या होत्या. ती त्यांनी सोडलीसुद्धा नव्हती.

"काहून रे, झोपला होता? लेट म्हणजे लेट! गाडी थांबते का कोणासाठी?" मला मनसोक्त झापलं आणि मगच म्हणाले, "चला. भरलं गाव." त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आज तो बाक आठवला की डोळे भरून येतात.

* * *

ब्लॅकआउटचा हुकूम आमच्या गावालाही आला. दवंडी पिटली गेली. सायकलवरून आलेला वॉर्डन दत्तूला म्हणाला, "सब बत्तियाँ बंद होनी चाहिए."

"अच्छा, जी," दत्तू म्हणाला. "पहले लगवा तो दो!"

गावात विजेचे खांबच आले नव्हते! तरी बायांनी चुलीपुढे फळ्या लावल्या. कोणाचा मुलगा सीमेवर होता, कोणाचा भाऊ. आबांचा धाकटासुद्धा तिकडेच होता.

* * *

त्याच हिवाळ्यात देवळाशेजारचे पांडू न्हावी दुपारी वारले. गावात खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. आमच्याकडे सूर्य बुडाल्यावर प्रेत नेत नाहीत आणि आमची गाडी तर सूर्य बुडाल्यावरच यायची. शेवटी सकाळी आम्ही काहीजण शिफ्ट चुकवून थांबलो. दत्तू ताडमाड, शेजारी मी बुटका. सगळा भार माझ्याकडे आला आणि तिरडी नदीपर्यंत तिरकीच गेली.

त्या दिवसापासून आबांनी धसका घेतला. फाटकावर एकेकाला थांबवून विचारायचे, "माह्या टायमाले येशीन न?"

दत्तू म्हणाला, "आबा, लढाई चालू आहे. सुट्टीचा अर्ज आधी द्या लागते. तारीख सांगून ठेवा!"

सगळे हसले, आबाही हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. "रात्रभर पडून राहाचं नाही मले, दत्तू. आयुष्यात कधी लेट झालो नाही."

दत्तूनं तेव्हा मात्र त्यांचा हात हातात घेतला. "मी समोरचा खांदा देतो, आबा. वचन."

* * *

आबा गेले ते बुधवारी सकाळी, आम्ही कामावर पोचल्यानंतर. बुधवार म्हणजे शहपुऱ्याचा बाजार, म्हणजे उरलीसुरली माणसंही तिकडे गेलेली. राहिले होते ते काठीवर चालणारे पुजारीबुवा आणि दम्याचे मास्तर. स्टेशनवरून फॅक्टरीत निरोप आला, पण लढाईच्या दिवसांत आत कोणाला सोडत नव्हते आणि बाहेरही. मनोहरला कळलं ते भोंगा झाल्यावर, गेटवर.

परतीची गाडी धरली. मनोहर खिडकीशी बसून एवढंच म्हणत होता, "थांबले असतील. सकाळी काढू." समोरचा डावा दत्तू, उजवा मनोहर, मागे कोण, हे आम्ही हलक्या आवाजात ठरवून टाकलं. एकानं उद्याच्या सुट्टीचं काय, असं विचारलं, तर दत्तू त्याच्यावर केवढ्यानं ओरडला!

उतरलो. फाटकाशी बाक रिकामा होता. रामदीन भैया टोपी काढून उभा होता. त्याच्या बाजूला कंदील घेऊन शांतावहिनी. मागे पांडू न्हाव्यांची बायको, दत्तूची बायको आणि माझी. चौघींचेही केस ओले. शांतावहिनींच्या लुगड्याला खांद्यावर तिरडीच्या बांबूचा हिरवा डाग लागलेला.

मनोहरनं तो डाग बघितला. मग म्हणाला, "थांबायचं होतं न शांते. मी आलो असतो न."

"पाह्यली वाट," वहिनी म्हणाल्या. "ऊन उतराले लागलं. मंग म्हटलं, आबांले लेट चालत नाही."

दत्तू खाली बघत उभा होता. त्याच्या बायकोनं त्याच्या हातातला डबा काढून घेतला.

शांतावहिनींनी कंदील वर केला. आमच्या एकेका चेहऱ्यावरून सावकाश नजर फिरवली, पार शेवटच्या माणसापर्यंत. मग रामदीन भैयाकडे वळल्या.

"चला," म्हणाल्या. "भरलं गाव."