बहिरूनं काय खाल्लं

लंकाबाईचं आणि माझं शेत बांधाला बांध. मखमलाबादच्या पुढं, तिचे गुलाब आणि माझा झेंडू. सुना म्हणून आलो तेव्हापासून आम्ही एकाच टेम्पोत फुलं घालून बाजाराला जातोय आणि तेव्हापासून भांडतोय. म्हणून तिच्याबद्दल मी वाईट बोलले तर तिला चालतं. दुसरं कुणी बोललं तर मला चालत नाही.

बाई कष्टाची, व्यवहाराला चोख आणि हट्टी. इतकी हट्टी की तिचा नवरा खंडेराव म्हणायचा, हिच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घालावा, भिंत निदान उलट बोलत नाही. तो गेला आणि पुढच्याच वर्षी सुवर्णानं, एकुलत्या एक लेकीनं, मुझफ्फरशी कोर्टात लग्न केलं. सुवर्णा नाशिक रोडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, तो तिथली मशीनं दुरुस्त करायला यायचा. मुलगा गुणाचा होता. पण लंकाबाईला कोण सांगणार? ती रडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. एवढंच म्हणाली की तिचं घर तिला लखलाभ, मी त्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावणार नाही. भावकीतल्या लोकांनी माना डोलावल्या, बाई असावी तर अशी म्हणाले. मी म्हटलं, ह्यात कौतुक कसलं आलंय, पोटची पोर आहे ती. त्यावर लंकाबाईनं महिनाभर माझ्याशी अबोला धरला.

मागं राहिला बहिरू. सुवर्णा कॉलेजात होती तेव्हा तिनं हरसूलच्या बाजारातून ओढणीत गुंडाळून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. तांबडा रंग, एक कान कायम पडलेला. आधी लंकाबाई त्याला पडवीत पाय ठेवू द्यायची नाही. पोर गेल्यावर तो तिच्या बाजेखाली झोपायला लागला आणि तिनं हाकललं नाही. पहाटे ती गुलाब तोडायला निघाली की हा पुढं. शेजारच्या उसात बिबट्या यायचा, एकदा तर ह्यानं ओरडून ओरडून त्याला बांधावरून परतवून लावलं. आम्ही बाया मग त्याला देवासारखा मानायला लागलो. लंकाबाई त्याच्याशी बोलायची. मी बांधाच्या ह्या बाजूनं ऐकायची, ‘तुझी ती काय येत नाय रं आता,’ म्हणून सांगायची त्याला. त्याला, मला नाही.

कुंभमेळा सरला त्या हिवाळ्यात सुवर्णा आली. एकटीच, रिक्षातून. आपल्या लहान लेकीला, अदिबाला, तिनं सासूपाशी ठेवलं होतं, आईच्या मनात काय आहे ते आधी बघावं म्हणून. बहिरू झाडाखाली पडलेला होता. त्यानं मान वर केली आणि असा धावत सुटला की पोर खालीच बसली, त्याला कवटाळून. मी बघितलं, लंकाबाई दारात उभी होती आणि पदर तोंडात धरला होता. मला वाटलं, सुटली बाई गाठ एकदाची.

सुवर्णानं पिशवीतून एक डबा काढला, सोनेरी झाकणाचा. मुझफ्फर मस्कतला नोकरीला होता, सुट्टीवर येताना त्यानं आणलेली चॉकलेटं. त्याच्या आईनं, जुलेखानं, फोनवर बजावलं होतं म्हणे, की विहीणबाईंना साखरेचा त्रास आहे, कमी गोडाचं आण. म्हणून ती काळी, कडू जातीची चॉकलेटं. सुवर्णा हे किती हौसेनं सांगत होती! लंकाबाईनं डबा दोन्ही हातांनी घेतला, फडताळात ठेवला आणि चुलीकडं वळली. वांगं भाजायला घातलं, भाकरी थापायला घेतली. मी सुवर्णाला नवीन लावलेले गुलाब दाखवायला घेऊन गेले.

तेवढ्यात लंकाबाईनं काय केलं ते तिनंच मला पुढं सांगितलं. डबा घेऊन ती गोठ्यामागं गेली आणि बहिरूच्या ताटलीत रिकामा केला. पहिली दोन-चार सोलून घातली, मग कंटाळा आला तशी बाकीची कागदासकट. खायचं नाही हा शब्द दिलेला, परत केलं तर पोर दुखावणार, आणि अन्न उकिरड्यावर टाकू नये ही आम्हाला लहानपणापासूनची शिकवण. मग कुत्र्याला घातलं. तिला वाटलं, लेकीनं आणलेलं लेकीच्याच लाडक्याच्या पोटी लागलं. डबा राखेच्या ढिगात पुरला.

आम्ही तिघी जेवायला बसलो तेव्हा बहिरू अंगणात एकसारखा फेऱ्या घालत होता. सुवर्णा म्हणाली, मला बघून आनंदानं नाचतोय. मग तो पाणी प्यायला लागला, प्यायला आणि ओकला, पुन्हा प्यायला. दुपार उतरायला लागली तसे त्याचे पाय लटपटू लागले, धाप लागली. लंकाबाईनं घरातलं होतं नव्हतं ते दूध-तूप त्याच्या घशात ओतलं. आमच्याकडं विष म्हटलं की दूध-तूप, माणूस असो की जनावर. सुवर्णा रडकुंडीला आली. माझ्या नवऱ्याला, नाथाला, टेम्पो काढायला लावला आणि आम्ही त्याला घेऊन गंगापूर रोडच्या जनावरांच्या डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टर पोरगेलासाच होता, पण मन लावून बघत होता. त्यानं छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. विचारलं, ह्यानं काय खाल्लं?

लंकाबाईनं सुवर्णाकडं बघितलं. सुवर्णा बहिरूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

शेतातलंच कायतरी असंल, असं लंकाबाई म्हणाली. डॉक्टरनं विचारलं, फवारणीचं औषध? ती म्हणाली, असंल. त्याला ते पटत नव्हतं. लाळ नाही, डोळ्यांची बुबुळं तशी नाहीत, असं तो म्हणत होता. त्यानं पुन्हा विचारलं, आजी, नीट आठवा, ह्याच्यावर औषध अवलंबून आहे. बाईनं पुन्हा तेच सांगितलं. आणि खरं सांगते, चॉकलेटानं कुत्रं मरतं हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. लेकरं खातात ती वस्तू! पण माहीत नव्हतं म्हणून ती गप्प नव्हती. लेकीसमोर तिला तोंड उघडायचं नव्हतं.

डॉक्टरनं फवारणीच्या विषावरचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं बहिरूला झटका आला आणि तो टेबलावरच ओकला. काळं, दुधाळ, आणि त्यात सोनेरी कागदाचे तुकडे.

डॉक्टर म्हणाला, हे चॉकलेट आहे, कधी खाल्लं, किती? लंकाबाई जमिनीकडं बघत राहिली. उत्तर सुवर्णानं दिलं. सकाळी, बहुतेक पूर्ण डबा, मीच आणला होता. मग तिनं आईकडं तोंड केलं. आवाज चढवला नाही.

‘आई, त्यातलं एक तरी तोंडात घातलं होतंस का?’

डॉक्टरनं धडपड केली, सलाईन लावलं, झटके थांबायची औषधं दिली. पण बहिरूचं काळीज छातीत नुसतं धावत होतं आणि आधीच्या इंजेक्शनानं ते आणखी उधळलं होतं. दिवस मावळायच्या आत तो गेला, सुवर्णाच्या मांडीवर. डॉक्टर आम्हाला चिडून म्हणाला, खाल्ल्याबरोबर आणला असता, तर ओकवून काढता आलं असतं. दूध-तूप काही पाजायचं नसतं. डबा सोबत आणायचा असतो. आणि काय खाल्लं ते खरं सांगायचं असतं, एवढं तरी करायचं. सुवर्णा तिथूनच रिक्षा करून नाशिक रोडला गेली. आईच्या पाया पडून गेली, ते मला जास्त लागलं.

गावात चार दिवसांत बोभाटा झाला की लेकीनं विषाचा डबा आणला होता, म्हातारी वाचली, कुत्रं मेलं. माझं डोकंच फिरलं. राखेतून डबा उकरून काढला, तळाला एक चॉकलेट चिकटून राहिलं होतं. पारावर जाऊन, सगळ्या टाळक्यांसमोर ते मी खाल्लं. कडूजार होतं. म्हटलं, बसा आता माझ्या मरणाची वाट बघत. लंकाबाईला हे कळलं तेव्हा ती माझ्या ओट्यावर येऊन पहिल्यांदा रडली. म्हणाली, ‘झुंबर, जे मी खायचं ते तू खाल्लंस गं.’

पुढच्या उन्हाळ्यात तिनं मनाचा हिय्या केला. सकाळपासून उपाशी राहिली, लेकीच्या घरी पोट भरून जेवायचं म्हणून. गुलाबांची परडी घेतली आणि नाशिक रोडची बस धरली. सगळ्यांनी मान दिला तिला. जुलेखानं खुर्चीवर चादर घातली, सुवर्णानं पाया पडून विचारपूस केली. घरात जेवणाचा वास सुटला होता. छोटी अदिबा हातात चपातीचा घास घेऊन आली आणि आजीच्या तोंडापाशी नेला. लंकाबाईनं तोंड उघडलं होतं, असं ती मला सांगते.

सुवर्णानं लेकीचा हात हलकेच मागं घेतला. रागानं नाही.

‘आजी आपल्याकडचं खात नाही, बाळा.’

मग तिनं आईपुढं ताटलीत दोन केळी ठेवली. सालीचं फळ, ते कुणाच्याही घरचं चालतं. लंकाबाईनं ती खाल्ली आणि परत आली.

मी तिला फाडफाड बोलले. म्हटलं, एवढी उपाशी गेलीस, तर सांगायचं की मला जेवू घाल! ती म्हणाली, ‘कोणत्या तोंडानं मागू?’ मी जाऊन सांगते म्हटलं तर गळ्याची शपथ घातली.

अजून जाते ती, महिन्या-दोन महिन्यांनी. दर वेळी दोन केळी. जुलेखाला हे बघवत नाही, ती आत निघून जाते म्हणे. इकडं लंकाबाईची साखर वाढलीय, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं केळं बंद सांगितलंय. परवा मी म्हटलं, बाई, निदान एक तरी ठेव, जिवावर बेतेल.

‘लेकीनं दिलेलं हाय,’ म्हणाली. ‘आता नाय टाकायची मी.’