बाबारावांचे ड्रम

भनपुरीतल्या बंद रंगकारखान्यामागच्या पडीक मैदानात विषारी गाळाचे ड्रम पुरलेत, हे सांगून बाबाराव थकले होते. ट्रकमधून ड्रम उतरताना त्यांनी स्वतः पाहिले होते. वस्तीला मात्र बोअरचं पाणी गोड लागायचं. तिनं त्यांना 'ड्रमकाका' नाव ठेवलं आणि पाणी पीत राहिली.

म्हणून जमिनीतलं लोखंड हुडकणारं यंत्र घेऊन सर्वेवाले आले, तेव्हा ते वाहून न्यायची मजुरी बाबारावांनी भांडून मिळवली. रेल्वेतून निवृत्त होऊन घरी बसलेला माणूस. आपण खरे ठरताना तिथं हजर असावं, एवढीच हौस.

"अंगावर लोखंड नको," सर्वेच्या पद्मजा मॅडम म्हणाल्या. "यंत्र तेच दाखवत बसते."

बाबारावांनी पट्टा काढून पँट सुतळीनं बांधली, किल्ल्या दिल्या. बोटातली घोड्याच्या नालेची अंगठी मात्र राहिली. साडेसाती लागली म्हणून बायकोनं, शांताबाईंनी, घातलेली. शनी परवडला असता, शांताबाई नाही.

यंत्राचा दांडा न हलवता, एका चालीनं, आखलेल्या दोरीवरून चालायचं. ज्याला सोपं वाटतं त्यानं उन्हात चालून बघावं. बाबाराव चोख चालले, तरी यंत्रावरचे आकडे जागोजाग नाचले.

"सगळीकडंच ड्रम हायेत, मॅडम. मी म्हणतच होतो."

"ड्रम तुमच्याच संग चालून राहिले, काका. हात दाखवा."

घरी शांताबाईंनी बोटाला साबण चोळला आणि ओढलं. "शनीनं धरलं तर मले सांगू नका."

"तो साडेसात वर्षांत सोडते तरी."

त्यावर शांताबाईंनी असा हिसका दिला की अंगठी निघाली, थोडी कातडीही.

दुसऱ्या दिवशी मैदान गप्प. आखलेली एकेक दोरी संपत गेली, तसं बाबारावांचं तोंड उतरत गेलं. अगदी शेवटी, वस्तीच्या बोअरला लागून असलेल्या कुंपणाशी, आकडा उसळला. खोदलं तर गंजून फुटलेले ड्रम, काळा गाळ, डोळे चुरचुरवणारा वास. बोअरचं पाणी तपासायला गेलं, आणि बोअरला सील लागलं.

आता टँकरच्या रांगेत बाबाराव नळाशी दोन बादल्या भरत उभे. मागून शेजारच्या हरिदासनं ढुसणी दिली, "काका, या बारीले तरी चुकायचं होतं न."

"पुढच्या बारीले चुकतो," बाबाराव म्हणाले. "धक्का नको देऊ, पाणी सांडते."