पत्री न मारणारा नालबंद

दस्तगीर नालबंदाने आयुष्यात एकच मोठी चूक केली. त्याने बैल पाहिले आणि बैलांचे पाय पाहिले नाहीत. ज्याच्या सात पिढ्या बैलांचे पाय मांडीवर घेऊन जगल्या, त्याने अशी चूक करावी म्हणजे कमालच झाली. पण माणूस आशेला लागला की त्याला दिसायचं तेच दिसतं.

तो मूळचा माळशेज घाटावरचा, ओतूरचा. चार भाऊ, धंदा एकच. बैलाच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचा. गावात ट्रॅक्टर आले, बैलगाड्या कमी झाल्या आणि चौघांच्या हाताला पुरेल एवढं काम उरलं नाही. १९९४ च्या पौषात तो थोरल्या भावाबरोबर, बाबालालबरोबर, पहिल्यांदा घाट उतरून मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेला आला. नजर पोचेल तिथवर बैलच बैल. त्यातच कामही असं मिळालं की पाठ सरळ करायला सवड नाही. शिवाय चौकशी केली तर कळलं की, या सगळ्या मुलखात राहता नालबंद एकही नाही. दस्तगीर हरखून गेला. नालबंद का नाही, हे मात्र त्याने कुणाला विचारलं नाही. घरी परतल्यावर बाबालालने जरा थांब म्हटलं तर त्यालाच सुनावलं, की तुम्ही इथे एकमेकांच्या ताटातलं खात बसा, मी खाली जाऊन राज्य करतो.

माघात तो बायकोला, जैतूनला, घेऊन टोकावड्याजवळच्या एका वाडीत उतरला. मंगळ्या नावाच्या भातशेती करणाऱ्या माणसाने आपल्या घराची मागची पडवी त्यांना राहायला दिली. दस्तगीरने रस्त्याकडेच्या जांभळीला जुन्या पत्र्यांची माळ टांगली, ऐरण रोवली, दोर धुऊन वाळत घातला आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसला. पहिलं गिऱ्हाईक आलं ते समोरच्या ढाब्यावरचा ट्रकवाला. त्याला गाडीला बांधायला काळ्या घोड्याची नाल हवी होती. दस्तगीर इतका दुखावला की त्याने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

पंधरवडा गेला तरी एक बैल येईना. शेवटी मंगळ्याच्या बायकोलाच, सकुबाईला, राहवलं नाही.

"दस्तूभाय, आमचं बैल शेतात चालतात. त्यांना डांबर ठाव नाय. पत्री कशाला रं लागंल?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. जत्रेत त्याने ज्यांना पत्र्या मारल्या ते सगळे बैल घाटावरून गाडीला जुंपून आलेले होते. इथले बैल तर अनवाणीच जन्मतात आणि अनवाणीच जातात. जैतून त्याच्याकडे बघून आधी खूप हसली आणि मग भाकरी थापता थापता रडली.

परत जायचं तर बाबालालपुढे नाक कापून घ्यायचं. मग कामाची वणवण सुरू झाली. मुरबाडच्या एका कारखान्यात गेला तर साहेबाने विचारलं, कुठलं मशीन येतं? याने बैलाचं नाव सांगितलं. साहेब वाईट नव्हता. त्याने हमालीला लावून घेतलं. शहापूरकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडली. हातोडा तोच होता, पण दगडावर मारताना त्याचा जीव रमेना. खूर कसा मांडीवर येतो, खिळा आत जाताना आवाज कसा बदलतो, हे ज्या हाताला कळतं त्याने पाट्या वाहायच्या, याचं त्याला फार वाईट वाटे. एक दिवस जैतूनने सांगून टाकलं, की पुढच्या जत्रेपर्यंत वाट बघू. तोवर हाताला तुझं काम मिळालं नाही, तर बाबालालच्या गाडीत बसून वर जाऊ, आणि मग लाज बाळगायची नाही.

पाऊस तोंडावर आला तेव्हा एका सकाळी मंगळ्या आपला कवड्या बैल घेऊन आला. याला पत्री मार म्हणाला. दस्तगीरला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. त्याने दोर काढला, कवड्याच्या अंगाभोवती फिरवला, कानाशी काहीतरी पुटपुटला आणि हळूच ओढ दिली. एवढा मोठा बैल, आपल्याच मनाने बसावा तसा खाली बसला. वाडी बघायला लोटली. जैतून ओंजळीत खिळे घेऊन उभी राहिली.

दस्तगीरने खूर मांडीवर घेतला, खूर तासायच्या नखुर्ड्याने खरवडला, अंगठ्याने दाबून पाहिला. मग दुसरा पाहिला. मग दोर सोडायला लागला.

"मंगळूदादा, याला पत्री नको. पाऊस लागला की हा चार महिने चिखलात. खिळ्याच्या भोकातनं घाण आत शिरंल आन् ऐन आवणीला, भात लावायच्या वक्ताला, बैल बसंल."

मंगळ्या ओशाळला. "तुझ्या हाताला काम नाय म्हून आणला रे मी."

"ते कळलं मला," दस्तगीर म्हणाला. "म्हनून तर नको."

त्याने नुसता एका बाजूने वाढलेला खूर कापून सारखा केला आणि बैल उठवला. जैतूनने खिळे खणकन डब्यात आपटले.

पण गोष्ट वाडीतून वाडीत गेली. पत्रीवाला आला आणि पत्री नको म्हणाला, हे लोकांना फार आवडलं. माणूस उपाशी असून खोटं बोलला नाही, तर त्याच्या हातात बैलाचा पाय द्यायला हरकत नाही, असं ठरलं. श्रावणात खूर कुजायला लागले तशी रीघ लागली. दस्तगीर बैल बसवी, खुरातली घाण काढी, कोमट करंजतेल भरी. पत्री मात्र एकही मारली नाही. तरी सगळा मुलूख त्याला पत्रीवालाच म्हणे.

पुन्हा पौष आला. जत्रेत वाडीची माणसं त्याला हाताला धरून फिरवत होती. त्याने पाय बघितल्याशिवाय कुणी बैल घेईना. जैतूनने मात्र बोचकं बांधून आणलं होतं. काम मिळालं हे खरं, पण भाऊ बोलावील तेव्हा नवऱ्याचं मन कुठे वळेल, याचा तिला भरवसा नव्हता.

बाबालाल भेटला. वर्षभरात किती पत्र्या मारल्या, त्याने विचारलं. दस्तगीरने खरं ते सांगितलं. एकही नाही. थोरल्याचा चेहरा पडला. चल घरी म्हणाला, नालबंदाने पत्री मारली नाही तर तो नालबंद कसला?

मंगळ्या मधे पडला. "आमी न्हेऊ द्यायचो नाय त्याला," एवढंच म्हणाला.

 मग बाबालालने आपल्या गाडीचा डावा बैल सोडून आणला. घाट उतरताना लंगडतोय, मला काही सापडेना, तू बघ, म्हणाला. ज्याने हातात पहिला हातोडा दिला होता, तोच आज पाय दाखवत होता. दस्तगीरचे डोळे भरून आले. त्याने बैल बसवला, खूर मांडीवर घेतला आणि अंगठ्याने चाचपत गेला. एक खिळा तिरका जाऊन खुराच्या आतल्या जिवंत मांसाला लागला होता. ठोकणी बाबालालचीच होती.

त्याने पाठ फिरवून खिळा काढला, जखमेत तेल भरलं आणि खिळा गुपचूप सदऱ्याच्या खिशात टाकला.

"खडा हुता," तो भावाला म्हणाला.

खिळा खिशात जाताना एकट्या जैतूनने पाहिला. आता याला भावापुढे काही सिद्ध करायचं उरलं नाही, हा इथलाच झाला, हे तिने ओळखलं. ती खाली बसली आणि बोचक्याची गाठ सोडायला लागली.