मामाजींचा घास

पंगतीतून सगळ्यात शेवटी उठण्याचं बक्षीस असतं, तर माझ्या बायकोच्या मामांनी ते त्यांच्या सौंदड गावाबाहेर जाऊच दिलं नसतं. पत्रावळी उचलल्या जात, झाडू फिरू लागे, आणि मामाजींचा आपला एक घास, एक घोट पाणी चाललेलं. घरच्याच धानाचा मऊ भात, तरी छातीत अडकायचा. मग ते डोळे मिटून, हात वर करून स्वस्थ बसत. आपण घाबरून पाठ चोळायला धावावं, तर वर खेकसणार, "थांबा ना जवाईबापू! जाऊन राह्यला तो. घाई कायले करता?" घास उतरला की "हं, मंग का झालं..." म्हणत माळव्यातून आलेल्या पूर्वजांची अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सुरू. एका जेवणात पणजोबा हमखास नर्मदा ओलांडत.

गेल्या वर्षी मात्र एक घास काही केल्या उतरेना. थुंकीसुद्धा गिळवेना, तेव्हा त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून घास काढला, नळीच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, अन्ननलिकेला ॲलर्जीची जुनी सूज आहे. बहुतेक दुधामुळे. दोन महिने दूध पूर्ण बंद, मग पुन्हा दुर्बीण. सूज अशीच राहिली तर नळी आवळत जाईल. मामाजींना कुतूहल भारी. त्यांनी आतला फोटो मागून घेतला. नळीत गोल गोल कडी दिसत होती. "बैलाले वेसण नाकात, माह्यावाली गळ्यात!"

उपचारासाठी ते गोंदियात आमच्याकडेच राहिले. पथ्य असं कडक, की देवळातलं पंचामृतसुद्धा परत केलं. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घेत. आणि रोज फोटो खिशात घालून ओळखीच्या पाच घरी दाखवायला जात.

दोन महिन्यांनी पाहतो तर सूज तशीच! घरी आल्यावर मामाजी हळूच म्हणाले, "आता भातच सुटन का माह्या?" बायकोने डोळे पुसत सगळ्यांना चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून फुर्रकन ओढला.

"मामाजी! यात दूध आहे!"

"हा तं पावण्याचा चहा हाये," ते मलाच समजावू लागले. "सौंदडले घरी असतो तं एक थेंब नसता घेतला. दुसऱ्याच्या घरी नाही कसा म्हणू? घरधनी का म्हणन?"

हात्तिच्या! म्हणजे फोटोपायी रोज पाच घरचे पाच कप, आणि सकाळ-संध्याकाळ आमचे दोन. ते आम्हीच हौसेनं, साय घालून दिलेले; चहातलं दूधही दूधच, हे आमच्याही ध्यानात आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोने त्याच दिवशी पाचही घरी फोन केले. मग सगळीकडे काळा चहा. आणखी दोन महिन्यांनी सूज उतरली. दूध मात्र आता कायमचं बंद.

परवा ते जेवायला आले. बायकोने सवयीने पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. दहा मिनिटांत भात संपला, तांब्या तसाच. "चलतो, गाडी हाये," म्हणत उठलेसुद्धा. देवाची कृपा, बरं वाटलं, फार बरं वाटलं. पण माझा भात अजून अर्धा होता, आणि पणजोबा नर्मदेच्या पलीकडेच राहिले होते.