जे चिकटले नाहीत

पन्नाशीच्या उंबरठ्यावर आत्या पुन्हा प्रयोगशाळेत गेली, तेव्हा घरच्यांनी ‘हौस आहे, होऊ दे’ म्हणून सोडून दिलं. मधली वर्षं तिने दोन मुलं आणि एक सासू सांभाळली होती. “त्यांच्यापुढे लोखंडाचे कण काय घेऊन बसलात,” ती म्हणायची.

ते कण गंजाचे भाऊबंदच, पण काळे, चुंबकाकडे ओढले जाणारे, आणि केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवायचे, ढवळत राहायचं आणि अमोनिया थेंबथेंब सोडायचा. बघता बघता पाणी काजळासारखं होतं. त्या वेळी आत्याचा चष्मा भांड्याला टेकलेला असतो.

तिला हवे होते सर्वांत बारीक कण. चुंबक आला की धावणारे, गेला की ओढ विसरणारे. तिचे मात्र वर्षभर मोठेच निघत. चुंबक गेल्यावरही एकमेकांना धरून बसत. त्या दुपारी मोजणीच्या यंत्रावर तिची पाळी होती. याही वेळी तेच निघालं तर प्रयोगशाळेचे सर काम थांबवणार होते.

नेमकी त्याच सकाळी ढवळायची मोटर बंद पडली. घाईत तिने शेजारच्या टेबलावरचं यंत्र ओढलं. त्यात भांड्याच्या तळाशी एक कांडी फिरते. चुंबकाची कांडी.

थोड्या वेळाने पाणी फिकट चहासारखं झालं होतं. सगळं काळं कांडीवर, साळिंदरासारखं.

सर डोकावले. “बाई, दुधाच्या राखणीला मांजर बसवलंत.”

“बसवलं खरं. पण मांजराने सगळं का नाही संपवलं?”

“हे? गंजाचं पाणी आहे. ओतून टाका.”

आत्याने ओतलं नाही. मोठे कण आधी ओढले गेले असतील, तर मागे राहिले ते कोण? तिने काचेबाहेर जाड चुंबक धरला आणि स्टुलावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने काचेवर एक सावली साचली. चुंबक काढून भांडं हलवलं, तर सावली पुन्हा पाण्यात मिसळून गेली.

सावली पुन्हा जमवून, धुऊन, वाळवून तिने चिमूटभर भुकटी यंत्रात ठेवली. यंत्रातल्या चुंबकाचा जोर वाढला तशी आलेखाची रेघ वर गेली, ओसरला तशी खाली आली. दर वेळी कण ओढ धरून बसत, म्हणून जाणारी आणि येणारी रेघ यांच्यात फट राहायची. आज परतीची रेघ गेलेल्या वाटेनेच आली.

सरांनी रेघेवरून बोट फिरवलं. “पुन्हा असंच निघालं तर खरं. मोटर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल.”

“होऊ दे सावकाश,” आत्या म्हणाली. ती कांडी घासत होती. काळं काही केल्या निघत नव्हतं.