आतून लावलेली कडी

नोकरीत मी पुष्कळ दारे उघडायला लावली, काही मोडलीही. पण बुऱ्हाणपुरात एका बंद दारासमोर काढलेली ती दुपार अजून मनातून जात नाही.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जेवणाच्या सुमारास फोन आला. "साहेब, शनवाऱ्याच्या मागच्या गल्लीत ख्रिश्चन लोकांनी एका पगलीला कोंडून ठेवलंय. धर्म बदलून टाकतील तिचा. पब्लिक जमतेय, जल्दी या." नाव विचारताच फोन बंद झाला. ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद केली आणि हवालदार व एक महिला आरक्षक यांना घेऊन निघालो.

घर कागद गिरणीतून निवृत्त झालेल्या एका जोडप्याचे होते. रस्त्यावर राहणाऱ्यांना ते घरी आणत, आंघोळ-जेवण देत, औषध लावत. गल्लीत गर्दी होती, मोबाईल वर धरलेले. सर्वांत पुढे एक मध्यमवयीन माणूस गमछ्यात गुंडाळलेली तसबीर छातीशी धरून उभा होता.

"साहेब, माझी भाभी आहे ती. आम्ही डोईफोडिया गावचे. भाऊ वारला तेव्हापासून तिचं दिमाग ठिकाणावर नाही. हवाली करा, घेऊन जातो."

तसबीर दाखवली. बाई तीच असल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. वरवर प्रकरण सोपे दिसत होते.

घरमालकीण, जिला सारी गल्ली आंटी म्हणे, मला मागच्या खोलीपाशी घेऊन गेली. दार बंद होते.

"चावी द्या," मी म्हणालो.

"चावी नाही, साहेब. कुलूपच नाही."

मी चौकट पाहिली. बाहेरचा कडी-कोयंडा उपटून स्क्रूची भोके लांबीने बुजवली होती.

"यांनी काढला," नवऱ्याकडे बोट करत आंटी म्हणाली. "रस्त्यावर झोपणाऱ्या बाईला आधी काय हवं असतं, माहीत आहे? जेवण नंतर. आधी आतून लावता येईल असं दार."

"बोलवा तिला बाहेर."

"त्यांना हाक मारते. उघडायचं की नाही, ते त्या ठरवतील."

जिला गाव पगली म्हणत होते, तिच्याबद्दल ही बाई आदरार्थी बोलत होती. तिने हलकेच दार ठोठावले. "ताई, पोलीस साहेब आलेत. मी इथेच उभी आहे. तुमच्या घरचं कुणी आलंय म्हणतात."

आत कडी सरकल्याचा आवाज झाला. तेवढ्यात तो माणूस आमच्यामागून घुसला. "भाभी! चल निमूट बाहेर!"

कडी खाडकन परत बसली. पाठोपाठ खाट ओढून दाराला लावल्याचा आवाज आला.

बाहेर ओरडा सुरू झाला, "तोडो दरवाजा!" हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, एक लाथ पुरे. बाई घरच्यांच्या हवाली, आपण मोकळे. नाहीतर हे लोक घर पेटवतील."

त्याचे चूक नव्हते. पण ती कडी कोणाच्या आवाजाने बसली, हे मी ऐकले होते. हवालदाराला उंबरठ्यावर उभे केले आणि त्या माणसाला पुढच्या खोलीत बसवून पाणी दिले.

"कधीपासून बेपत्ता?"

"दोन-तीन महिने झाले असतील."

"ठाण्यात हरवल्याची, गुमशुदगीची नोंद केली?"

"नाही. आम्ही खुदच ढूंढत होतो."

"जाताना अंगावर काय होतं?"

"साडी."

"कोणती?"

तो आठवू लागला. ज्याचे माणूस हरवते, तो न विचारता सांगतो. पातळाचा रंग, शेवटचे बोलणे, ताटात काय टाकून गेली तेसुद्धा. या माणसाला प्रत्येक उत्तर शोधावे लागत होते.

मी तसबीर मागितली. काच नुकतीच पुसलेली होती, पण बाईच्या कपाळावर येईल अशा जागी वाळलेल्या गंधाची गोल कड राहिली होती. मागे खिळ्याच्या आकड्यात दोरा अडकला होता, त्याला झेंडूच्या दोन सुकल्या पाकळ्या. आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला गंध लावून हार घालत नाहीत.

तसबीर त्याच्यासमोर ठेवली. "तेरवी कधी केली?"

त्याने तसबीर पालथी केली. मग खरी हकीकत बाहेर पडली. दवाखान्यात नेतो म्हणून भावजयीला घेऊन निघाला आणि चांदणी स्टेशनच्या बाकावर बसवून एकटाच परतला. घरी सांगितले, दवाखान्यात वारली, तिकडेच अग्नी दिला. तेरवीचे जेवण झाले. परवा केळी घेऊन आलेल्या गावच्या एकाने तिला इथे जिवंत पाहिले.

"वेड्या आईमुळे पोरीचं, म्हणजे पुतणीचं लग्न जमत नव्हतं, साहेब. आता ठरलंय. तिला कळलं तर मी तोंड कुठे दाखवू?"

"आणि आज हिला कुठे नेणार होतास?"

तो तसबीर पुन्हा गमछ्यात गुंडाळू लागला.

त्याला गाडीत बसवले. काय झाले ते मी स्वतः गर्दीला सांगितले. हवालदार म्हणाला, "आता काढा ना व्हिडिओ! खिशात का गेले फोन?" गल्ली रिकामी झाली.

मी दाराबाहेर जमिनीवर बसलो. "ताई, त्यांना ठाण्यात पाठवलंय. तुम्हाला वाटेल तेव्हा उघडा." आंटी शेजारी बसून पुटपुटत होती. दार उघडावे म्हणून प्रार्थना करता का, असे मी विचारले.

"नाही. त्यांची भीती कमी व्हावी म्हणून. दार त्यांचं आहे. आमचा प्रभूसुद्धा दाराशी उभा राहून वाट बघतो, साहेब. तो मोडत नाही."

"यांना ख्रिस्ती करणार का?"

ती हसली. "अजून आमच्या हातची भाजी आवडत नाही त्यांना!"

ऊन कलले तेव्हा आतून आवाज आला. "माझी पोर कुठेय?"

त्या घरात ती पहिल्यांदाच बोलली, असे आंटी म्हणाली.

महिला आरक्षक डोईफोडियाला गेली आणि संध्याकाळी मुलीला घेऊन आली. जिच्या तेरवीला ती रडली होती, ती आई दारापलीकडे होती. मुलगी धावत जाऊन दार ढकलणार, तोच आंटीने तिचा हात धरला. "ठोठाव, बेटा."

"आई, मी आलेय."

खाट सरकली. कडी निघाली. आम्ही बाकीचे अंगणात गेलो.

दिरावर गुन्हा दाखल झाला. बाईने जबाबात सांगितले की, बरे वाटेपर्यंत ती याच घरी राहील. मुलगी दर आठवड्याला येई.

मी ख्रिस्ती नाही. पण आधार देणाऱ्याने कडी आपल्या हातात ठेवू नये, हे मी त्या घरात शिकलो. पुढे ते माझ्याच घरी उपयोगी पडले. शेवटच्या आजारात पत्नी मागच्या खोलीत असे. डॉक्टर, नर्स, नातेवाईक, सगळे सरळ आत शिरत. मी मात्र दारावर बोटे वाजवायचो.

"अहो, स्वतःच्या घरात काय ठोठावता?" ती आतून म्हणायची. मग थोडा वेळ काहीच आवाज येत नसे. केस सारखे करत असावी. मी थांबायचो.

"हं, या आता."